निदान आणि निधान

डिझेल ट्रकाचे हेड गॅस्केट घरच्या घरी कसे बदलावे, हा विषय मी भाषणासाठी निवडला आहे असे घरी सांगितले, तेव्हा आमच्या मंडळींनी ‘आणि ते ऐकणार कोण?’ असा साधा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. ज्याच्या दारात ट्रक नाही त्याला या विद्येचा उपयोग नाही, आणि ज्याच्या दारात आहे तो हे काम मेस्त्रीकडून करवून घेतो. तरीही मी विषय बदलला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या पत्र्यासारख्या पातळ वस्तूने मला आणि माझ्या पुतण्याला जे शिकवले, ते ट्रक नसलेल्यांच्याही कानी घालावे असे मला वाटते.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले; पण गेली पुष्कळ वर्षे आमचे बिऱ्हाड बंगळुरात, जे. पी. नगरमध्ये आहे. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही वस्ती सारक्की, पुट्टेनहळ्ळी अशा जुन्या गावांना आणि त्यांच्या तलावांना पोटात घेत टप्प्याटप्प्याने वाढली. येथील घरांना दोन प्रकारचे पाणी मिळते. एक कावेरीचे. ते सुमारे १०० किलोमीटरवरून, सुमारे ५०० मीटर उंच चढवून या शहरात आणले जाते. दुसरे कूपनलिकेचे, खडकाच्या भेगांतून खोलवरून उपसलेले आणि क्षारांनी जड झालेले. प्यायला कावेरी आणि धुण्याभांड्यांना कूपनलिका, असा बहुतेक घरांचा शिरस्ता आहे. आमच्याही घरचा हाच. या दोन पाण्यांची आठवण श्रोत्यांनी कृपा करून जवळ ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

माझ्या पुतण्याने कर्ज काढून चार सिलिंडरांचा एक जुना ट्रक घेतला होता. शहरातून तुमकूरकडे माल न्यायचा आणि तिकडचा माल इकडे आणायचा, हा त्याचा व्यवसाय. दर महिन्याला हप्ता ठरलेला. एका दुपारी परत येताना उष्णतेच्या काट्याने लाल रेघ ओलांडली. माल संध्याकाळच्या आत पोचवायचा होता. त्याने तीनदा थांबून, इंजिन जरा निवू देऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतले आणि ट्रक कसाबसा घरापर्यंत आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करताच मागून दाट पांढरा धूर निघू लागला आणि थंड असतानाच उघडलेल्या रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे फुटू लागले.

“काका, तीसच किलोमीटर राहिले होते,” तो म्हणाला.

मी त्याला नको ते बोललो. लाल काटा दिसत असताना जो गाडी हाकतो त्याने ट्रकाचा धंदा करू नये, हे माझे शब्द होते. तो काही बोलला नाही. 

आता हे हेड गॅस्केट म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आउग्सबुर्ग येथे १८९३ साली आपल्या इंजिनाची पहिली चाचणी घेतली आणि १८९७ साली ते यशस्वी करून दाखवले. या इंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. आत घेतलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती सुमारे सतरा-अठरा पटींनी आकसते आणि तिचे तपमान ५०० अंशांच्याही वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की ते आपोआप पेट घेते. आमच्या पिढीच्या मराठी माणसाला या इंजिनाची पहिली ओळख विहिरीवर झाली. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीला १९४६ साली निघाला, आणि त्या इंजिनांचा ठेका ऐकतच आमच्या भागातील उसाने पाणी प्यायले. रस्त्यावरचा डिझेल ट्रक आपल्याकडे रुळला तो पुढे, जमशेदपूरच्या टेल्को कारखान्याने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी सहकार्य केल्यावर.

या इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खालच्या ब्लॉकमध्ये पिस्टन वरखाली होतात आणि वरचे हेड झाकणासारखे त्यावर बसते. या दोहोंच्या मध्ये जी पातळ चकती, तीच गॅस्केट. तिला तीन शेजाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवायचे असते : स्फोटाचा वायू, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल. वायूचा दाब वातावरणाच्या साठ-सत्तर पटींच्याही वर जातो, आणि त्याच्यापासून बोटाच्या अंतरावर पाणी वाहत असते. हेड अती तापले की ते किंचित वाकते, गॅस्केटवरची पकड एका जागी सैल पडते आणि तेवढ्या फटीतून वायू पाण्यात घुसतो, पाणी सिलिंडरात उतरते. म्हणून मागे पांढरा धूर आणि पुढे बुडबुडे. पाणी तेलात मिसळले तर तेलाचे ताकासारखे काहीतरी होते. आमच्या सुदैवाने तेवढे झाले नव्हते.

दुरुस्तीसाठी जो आकडा सांगण्यात आला तो तीन हप्त्यांहून मोठा होता. तेव्हा आमच्या शेजारच्या गृहस्थांनी घरीच काम करण्याचे सुचवले. हे गृहस्थ कन्नडिग. १९५३ साली बंगळुरात स्थापन झालेल्या एच. एम. टी.च्या कारखान्यात त्यांचे आयुष्य यंत्रावर गेले. गल्लीत त्यांना सारे ‘मेस्त्री’ म्हणतात. त्यांनी एकच अट घातली. “निधान,” ते म्हणाले.

कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे सावकाशी. ‘निधानवे प्रधान’ ही तेथील रोजच्या बोलण्यातली म्हण आहे. हे मला ठाऊक असूनही माझा कान मराठी. त्याने ‘निदान’ असे ऐकले. ‘ध’चा ‘मा’ झाल्याने शनिवारवाड्यात काय घडले असे सांगतात ते आपण जाणतोच. माझ्या कानात ‘ध’चा केवळ ‘द’ झाला, आणि त्याने नुकसान होण्याऐवजी थोडे हितच झाले.

घराशेजारच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा करून चाकांना दगड लावले, बॅटरी सोडली, पाणी आणि तेल वेगवेगळ्या भांड्यांत काढले. तेलाचा थेंबही गटारात जाऊ द्यायचा नाही, कारण आमच्याकडची गटारे शेवटी तलावांना मिळतात. डिझेलच्या नळ्या सोडल्या की प्रत्येकीच्या तोंडाला स्वच्छ टोपण. धुळीचा एक कण नॉझलचे वाटोळे करतो. व्हॉल्व्ह हलवणारे आठ पुशरॉड मेस्त्रींनी पुठ्ठ्याला भोके पाडून, क्रमांक घालून त्यात उभे केले. ज्याची झीज जिथे झाली तो पुन्हा तिथेच बसला पाहिजे. हेडचे बोल्ट सोडायचे ते टोकांकडून मध्याकडे, आणि एकेक पुरता न सोडता थोडेथोडे; नाहीतर न वाकलेले हेडही वाकते. ओतीव लोखंडाचे ते धूड आम्ही तिघांनी आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मिळून उचलले.

गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडराच्या कडेपासून पाण्याच्या छिद्रापर्यंत एक काळी, जळकी वाट गेलेली होती. करंगळीच्या नखाएवढी. एवढ्याशा वाटेने ट्रक बसला होता आणि घरात दोन दिवस अबोला होता.

पूर्वीच्या गॅस्केटांत तांब्याच्या पत्र्यामध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात, म्हणून जुनी गॅस्केट कोरडी खरवडू नये. ओली करून, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून काढावी. आम्ही तसेच केले. मग मेस्त्रींनी पोलादाची सरळ पट्टी हेडवर उभी धरली आणि तिच्याखाली फीलर गेजची पाने सरकवून पाहिली. इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेहून जाड पान आत गेले. हेड वाकले होते. ते कलासिपाळ्यच्या बाजूला एका कारखान्यात घासून सपाट करायला दिले, आणि येताना पुतण्याने जयचामराजेंद्र मार्गावरच्या, ज्याला सारे जे. सी. रोड म्हणतात तेथील सुट्या भागांच्या बाजारातून नवी गॅस्केट आणली.

दोन दिवसांनी हेड परत आले. पुतण्याला घाई झाली होती. त्याचे बरोबरच होते. ट्रक उभा आहे म्हणून हप्ता थांबत नाही. त्याने ब्लॉक पुसला, गॅस्केट हातात घेतली. तेवढ्यात मेस्त्री म्हणाले, “पण ही गेली का?”

“लाल काट्यावर चालवली म्हणून,” मी उत्तर दिले. पुतण्याने मान खाली घातली.

“आणि काटा लाल का झाला?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गॅस्केट फुटणे हे बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी दुखण्याचे फळ असते. ते दुखणे न शोधता जो नवी गॅस्केट बसवतो, तो तीच गॅस्केट पुन्हा विकत घेण्याची तयारी करतो. माझ्या कानाने ऐकलेला ‘निदान’ आता कामास आला. आम्ही एकेक भाग तपासला. पंख्याचा पट्टा ताठ होता. पाण्याच्या पंपाची पाती शाबूत होती. थर्मोस्टॅट आमच्या स्वयंपाकघरातील पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवले. ऐंशीच्या पुढे काही अंशांवर तो नीट उघडला. (त्या पातेल्याला नंतर स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला नाही.) रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग मात्र मेली होती. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथे उघडे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९७ अंशांवरच उकळते, आणि ते तसे उकळू नये म्हणून झाकणाने दाब धरून ठेवायचा असतो.

शेवटी रेडिएटर उघडला. त्याच्या नळ्यांपैकी निम्म्याअधिक नळ्या पांढऱ्या, कठीण थराने बुजल्या होत्या. तो थर मी ओळखला. आमच्या घरातील चहाच्या किटलीत, कधी कूपनलिकेचे पाणी वापरावे लागले की, असाच थर बसतो.

त्या रेडिएटरमध्ये दर रविवारी पाणी कोण भरीत असे? मी. अंगणातल्या नळीने. ट्रक आल्यापासून हे काम मी हौसेने अंगावर घेतले होते. कावेरीचे पाणी पिण्यासाठी, आणि कूपनलिकेचे धुण्याजोग्या सर्व वस्तूंसाठी, हा घरचा नियम मला इतका सवयीचा झाला होता की ट्रकाची गणना मी आपोआप धुण्याजोग्या वस्तूंत केली. तोही पाणी पितो, हे माझ्या लक्षात आले नाही. कारखान्याच्या पुस्तकात क्षारमुक्त पाणी आणि त्यात शीतक द्रव असे स्वच्छ लिहिलेले होते. ते पुस्तक मी त्या दिवसापर्यंत उघडले नव्हते.

पुतण्याने लाल काट्याकडे दुर्लक्ष केले, हा त्याचा दोष होताच. ट्रक तेथेच उभा केला असता तर केवळ रेडिएटर साफ करून भागले असते. पण काटा लाल होण्याची व्यवस्था मी केली होती. दर रविवारी, पदराला खार लावून घेत नाही अशा समजुतीने. मेस्त्रींच्या देखत मी त्याला तसे सांगितले आणि पूर्वीचे शब्द परत घेतले. सांगायला फार जड गेले. त्याने पाना पुसला आणि माझ्या हातात दिला. “काका, हे बोल्ट तुम्हीच आवळा,” तो म्हणाला, “मला घाई होते.”

बोल्टांच्या भोकांत पाणी किंवा तेल साचलेले नाही ना, हे आधी पाहिले. साचले असेल तर बोल्ट आवळताना त्या द्रवाला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गॅस्केटची वरची बाजू वर ठेवून हेड अलगद उतरवले. आता आवळायचे ते मध्याकडून टोकांकडे, तीन फेऱ्यांत, आणि प्रत्येक फेरीत पुस्तकात दिला असेल तितकाच जोर, टॉर्क पान्याने मोजून. अंदाजाचा हात येथे चालत नाही; एक बोल्ट अधिक आणि त्याच्या शेजारचा उणा असला की फट तेथेच पडते. माझ्या मागे उभे राहून मेस्त्री प्रत्येक बोल्टाला ‘निधान, निधान’ म्हणत होते. मग टॅपेटांचे अंतर जुळवले, डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली, साफ करून आणलेला रेडिएटर आणि नवे झाकण बसवले, आणि क्षारमुक्त पाण्यात शीतक मिसळून भरले.

चौथ्या प्रयत्नाला इंजिनाने पेट घेतला. बुडबुडे नव्हते. धूर क्षणभर पांढरा आला आणि विरला. पुतण्या अर्धा तास नुसता काट्याकडे पाहत बसला. काटा मधोमध स्थिर राहिला. इंजिन पुरते निवल्यावर, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, आम्ही बोल्ट पुन्हा एकदा तपासले.

श्रोत्यांपैकी कुणी हे काम घरी करू म्हणेल तर त्याने टॉर्क पाना, आपल्या इंजिनाचे पुस्तक आणि एक जाणता माणूस यांच्यावाचून बोल्टला हात लावू नये. गरम रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये. पण ज्यांच्या दारात ट्रक नाही त्यांच्याही घरात काही ना काही अधूनमधून तापत असते, आणि मग सर्वांत जवळच्या माणसाला बोल लावून आपण मोकळे होतो. काटा कुणाच्या हाती असताना लाल झाला, हे सर्वांनाच दिसते. नळी कुणाच्या हाती होती, ते पाहायला जरा सावकाशी लागते.

आता रविवारी पाण्याची पातळी पुतण्या पाहतो. डबा मात्र मीच धरतो.