भेटीची वेळ मागताना



निवेदन लिहिणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. भेटीची वेळ मागणारं पत्र नीट लिहिणारी मात्र फार थोडी. गावाजवळचा पूल खचलेला असतो, पावसाळा तोंडावर आलेला असतो, आणि पालकमंत्र्यांना पाच पानी पत्र जातं. त्यात पुलाचा सगळा इतिहास असतो. ‘आम्हांला भेटायचं आहे’ हे वाक्य पाचव्या पानावर, सह्यांच्या वर कुठंतरी दडलेलं असतं.

हे पत्र आधी मंत्री वाचत नाहीत. आवक शाखेत शिक्का बसतो, क्रमांक पडतो, मग ते स्वीय सहायकापुढं येतं. समोर टपालाचा ढीग असतो. विषयात ‘पुलाबाबत’ एवढंच दिसलं, की पत्रावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि ते बांधकाम विभागाकडं रवाना होतं. गाव इकडं फोनची वाट पाहत बसतं. कुणी अडवणूक केलेली नसते. भेट मागितली आहे हे कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. कष्टानं गोळा केलेल्या शंभर सह्या अशा वाया जाताना पाहून जीव तुटतो.

म्हणून विषयातच लिहा : ‘पुलाच्या दुरुस्तीसंदर्भात भेटीसाठी वेळ मिळणेबाबत’. आणि खाली लगेच : ‘आम्ही ग्रामपंचायतीचे ५ प्रतिनिधी आपणांस १० मिनिटे भेटू इच्छितो. दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार असून प्रशासकीय मान्यता प्रलंबित आहे. ती पावसाळ्यापूर्वी मिळावी, ही विनंती करावयाची आहे.’ कोण, किती जण, किती वेळ, कशासाठी, सगळं आलं. पुलाचा इतिहास निवेदनात घाला आणि ते सहपत्र म्हणून जोडा. आधीच्या पत्रांचे क्रमांक आणि दिनांक ‘संदर्भ’मध्ये द्या. एकाच तारखेचा हट्ट धरू नका. दोन-तीन दिवस सुचवा, आणि जिल्हा दौऱ्यात शासकीय विश्रामगृहावर भेट झाली तरी चालेल, असंही लिहा. फोन नंबर एकाचाच द्या, जो फोन उचलतो त्याचा.

मायन्याबद्दल थोडं. पेशवाईतल्या कागदांत ‘राजमान्य राजेश्री’पासून मानाची उतरंड असे आणि ती त्या काळाला शोभत होती. आज ‘मा.’ आणि ‘महोदय’ पुरे. २०१२ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी स्वतःसाठीचं ‘महामहिम’ बाजूला ठेवून ‘राष्ट्रपती महोदय’ रूढ करायला सांगितलं. आपण मात्र अजून आमदारांच्या नावामागं चार-चार विशेषणं लावतो. ‘गोरगरिबांचे कैवारी’ लिहून तारीख लवकर मिळत नाही. भेट मागणं हा नागरिकाचा रास्त व्यवहार आहे. भाषा नम्र असावी, लाचार नसावी.

काम कुणाच्या अधिकारातलं आहे, तेही आधी पाहा. जिल्ह्यातच सुटणाऱ्या वैयक्तिक तक्रारीसाठी मंत्रालय गाठायची गरज नसते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी १५ दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो.

पत्र दिलंत की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आठवड्यानं फोन करताना आवक क्रमांक सांगा. त्याशिवाय तिकडं पत्र सापडत नाही. आणि वेळ मिळालीच, तर पाच जणांचं लिहून पंचवीस जण जाऊ नका. बोलणार कोण, ते गावातूनच ठरवून निघा.