लास व्हेगास : दिवे आणि हिशेब

जत्रेच्या रात्री तुम्ही कधी एकटे हिंडला असाल. पाळण्याचे दिवे, पिपाण्यांचा गलका, गरम भज्यांचा वास, आणि एका कोपऱ्यात सोरटाचा पट मांडून बसलेला माणूस. त्याच्याभोवती ही गर्दी! आता अशी कल्पना करा, की ती जत्रा कधी उठतच नाही. बारा महिने, चोवीस तास चालू आहे, आणि सोरटाचा तो कोपरा वाढत वाढत सहा-सात किलोमीटर लांब झाला आहे. अमेरिकेतील लास व्हेगास हे शहर साधारण असे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी तेथे एकट्याने तीन दिवस काढले. त्याची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

मी गणिताचा मास्तर. तीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो. माझा भाचा लॉस एंजेलिसला नोकरीला आहे, त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. लास व्हेगासचे नाव काढताच तो हसला. म्हणाला, "मामा, तुम्हांला सुपारीचेसुद्धा व्यसन नाही. तिथे जाऊन काय करणार?" मी म्हटले, "बघणार." पण माझ्या जाण्यामागे एक जुने कारण होते. ते ओघाने पुढे येईल.

सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरचा रस्ता, बहुतेक सगळा मोहावी वाळवंटातून जातो. दोन्ही बाजूंना खुरटी झुडपे आणि उघडे डोंगर. या भागात वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम चार इंच. मी बसने गेलो, कारण बस सर्वांत स्वस्त. खोलीही स्वस्तातली पाहिली होती. जाहिरातीत भाडे होते पस्तीस डॉलर. तेथे पोहोचल्यावर कळले, की त्यावर 'रिसॉर्ट फी' नावाचा रोजचा वेगळा आकार आहे, आणि तो भाड्याहूनही थोडा जास्तच! कशाचा, म्हणून विचारले, तर पोहण्याच्या तलावाचा वगैरे. मी काही पोहलो नाही, पण पैसे मात्र भरले. मे २०२५ पासून तेथील केंद्र सरकारच्या नियमाने असे आकार धरून होणारी एकूण रक्कम गिऱ्हाइकाला आधीच दाखवावी लागते. माझ्या वेळी ती सोय नव्हती. आणि खोलीकडे जायची वाट कशी, तर जुगाराच्या दालनातून. तुम्हांला चहा प्यायला जायचे असो की झोपायला, शेकडो यंत्रांच्या लखलखाटातूनच जायचे. त्या दालनाला खिडकी नाही आणि भिंतीवर घड्याळ नाही.

हे गाव मुळात जुगाराचे नव्हे. 'लास व्हेगास' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'कुरणे'. वाळवंटात येथे गोड्या पाण्याचे झरे होते, म्हणून गवत होते. पायूट हे तेथले मूळचे लोक. पुढे आगगाडी आली, आणि मे १९०५ मध्ये रेल्वे कंपनीने जमिनीचे तुकडे पाडून लिलाव केला. तेथून शहर सुरू झाले. १९३१ साली दोन गोष्टी घडल्या. मंदीने हैराण झालेल्या नेव्हाडा राज्याने जुगार कायदेशीर केला, आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. हजारो मजूर आले. त्यांच्यासाठी सरकारने बोल्डर सिटी हे वेगळे गाव वसवले आणि तेथे जुगाराला बंदी घातली. ती बंदी आजतागायत आहे, बरे का! मग मजूर काय करीत? पगार झाला, की चाळीसेक किलोमीटरवरचे लास व्हेगास गाठीत. धरणाने या शहराला पुढे वीज दिली, पण त्याआधी गिऱ्हाईक दिले. १९४६ साली 'फ्लेमिंगो' हे आलिशान हॉटेल उघडले, तेव्हा त्याचा कारभारी बग्सी सीगल हा नामचीन गुंड होता. सहा महिन्यांत त्याचा खून झाला. आज मात्र हा धंदा मोठमोठ्या कंपन्यांच्या हाती आहे.

आता शोभेविषयी सांगतो, कारण तेथे माझे डोळे दिपले हे कबूल केले पाहिजे. तेथे खऱ्याच्या निम्म्या उंचीचा आयफेल मनोरा आहे. काळ्या काचेचा पिरॅमिड आहे. त्याच्या शेंड्यातून रात्री प्रकाशाचा झोत आभाळात जातो. एका हॉटेलात तर व्हेनिसचे कालवे इमारतीच्या आत आहेत, वर छताला रंगवलेले आभाळ, आणि त्या आभाळात कायमची सायंकाळ. आणखी एका हॉटेलासमोर तळे आहे, त्यात हजाराहून अधिक कारंजी संगीताच्या तालावर नाचतात. हे पाहायला एक पैसा पडत नाही. मी तीन वेळा पाहिले. शेजारी एक म्हातारे जोडपे हातात हात धरून उभे होते. कारंजे थांबले तरी ती दोघे हलली नाहीत. अशा वेळी 'हे सगळे खोटे आहे' असे म्हणवत नाही.

पण त्याच रस्त्यावरच्या पादचारी पुलावर पुठ्ठा अंथरून माणसे निजलेली पाहिली. वाळवंटात पाऊस आला की लोंढा येतो, म्हणून शहराखाली पावसाच्या पाण्याचे मोठाले बोगदे आहेत. त्या अंधारात शेकडो बेघर लोक राहतात. वर कायमची सायंकाळ आणि खाली कायमची रात्र.

श्रोतेहो, आता ते जुने कारण. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना मटका आठवत असेल. कापसाच्या भावाच्या आकड्यांवरून मुंबईत सुरू झालेला हा खेळ पुढे खेड्यापाड्यांत पसरला. माझ्या धाकट्या चुलत्यांनी त्यात विहिरीखालची दीड एकर जमीन घालवली. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो. शिकलेपणाच्या तोऱ्यात मी चारचौघांत त्यांना विचारले, "काका, तुम्हांला साधी बेरीज-वजाबाकी येत नाही का?" ते काही बोलले नाहीत. पुढे मरेपर्यंत माझ्याशी मोकळेपणाने बोललेच नाहीत. शहाणासुरता, कष्टाळू माणूस असा कसा फसतो, ते मला एकदा जवळून पाहायचे होते.

दुसऱ्या रात्री मी शहराच्या जुन्या भागात, फ्रीमाँट रस्त्यावर गेलो. तेथे डाव कमी पैशांचे असतात. खिशात वेगळे काढलेले वीस डॉलर होते. ते गेले की उठायचे, असे ठरवून रूलेटच्या टेबलाशी बसलो. रूलेट म्हणजे आडवे फिरणारे चाक. त्याला अडतीस घरे असतात : एक ते छत्तीस आकडे, त्यांत निम्मे तांबडे आणि निम्मे काळे, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, ही दोन हिरवी. चाकावर गोळी सोडतात. ती तुमच्या आकड्यावर थांबली, तर एका डॉलरला पस्तीस डॉलर मिळतात आणि तुमचा एक परत, म्हणजे छत्तीस.

आता हिशेब करा. अडतीसही घरांवर एकेक डॉलर लावला, तर खर्च अडतीस आणि हाती येणार छत्तीस. दोन डॉलर मालकाचे. शंभराला सव्वापाच. यात लबाडी नाही, लपवाछपवी नाही. सगळा हिशेब चाकावर लिहिलेला आहे. अलीकडे काही ठिकाणी तीन शून्यांची चाके आली आहेत. तेथे एकोणचाळीस लावून छत्तीस मिळतात, म्हणजे शंभराला पावणेआठांच्या जवळ. एक शून्य वाढवले, एवढेच! शून्याला किंमत नसते असे म्हणणाऱ्याने ते चाक पाहावे.

हे सगळे मला ठाऊक होते. मी तांबड्यावर पाच डॉलर लावले. जिंकलो. पुन्हा लावले. जिंकलो. तिसऱ्यांदाही जिंकलो. विसाचे पस्तीस झाले. शेजारच्या गृहस्थाने पाठीवर थाप मारली, आणि श्रोतेहो, खरे सांगतो, मला वाटले की आपल्याला हे चाक कळले आहे. मग हरू लागलो. सलग चार वेळा काळा आला, तेव्हा मनात म्हटले, आता तांबडा यायलाच हवा. मागच्या फेरीची आठवण चाकाला नसते, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवले आहे. वीस डॉलर संपले. आतल्या खिशात जेवणाचे चाळीस होते. तेही गेले.

बाहेर आलो तेव्हा वाटले, पाऊण तास झाला असेल. घड्याळ पाहिले, तर अडीच तास उलटले होते. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि काकांची आठवण झाली. बेरीज-वजाबाकी त्यांनाही येत होती. मला येत होती, तशीच. काका आज नाहीत, नाहीतर घरी गेल्यावर त्यांच्या पाया पडलो असतो.

पहाटे बसथांब्यावर एक प्रौढ बाई भेटली. मेक्सिकोतून आलेली, हॉटेलात खोल्या साफ करणारी. आमचे दोघांचेही इंग्रजी सारखेच तुटके, त्यामुळे गप्पा जमल्या. तिने विचारले, "जिंकलात का?" मी म्हटले, "हरलो." ती हसून म्हणाली, "म्हणजे माझ्या पगारात तुमचेही थोडे आले!" मग सांगू लागली. अठरा वर्षे चादरी बदलते आहे; संघटनेमुळे दवाखान्याचा खर्च भागतो; मुलगी कॉलेजात आहे. तेथील हॉटेल कामगारांची संघटना बलवान आहे. 'फ्रंटियर' हॉटेलातील साडेपाचशे कामगारांचा संप सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झाला तो १९९८ च्या आरंभापर्यंत, सहा वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्यातला एकही कामगार फुटून कामावर गेला नाही. वाळवंटाच्या उन्हात रात्रंदिवस पहारा देऊन त्यांनी तो जिंकला. मी परतल्यावर वर्षभराने, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पुन्हा संपाची वेळ आली होती. पण आदल्या दोन-तीन दिवसांत बड्या कंपन्यांनी करार केले. त्या शहरात ठरवून, एकजुटीने जिंकलेली माणसे मला दिसली ती ही.

तिसऱ्या दिवशी एका स्वस्त सहलीच्या गाडीने धरण पाहिले. आपल्या कोयनेच्या दुपटीहून उंच. मागच्या मीड सरोवराच्या कडेला खडकांवर पांढरा पट्टा दिसत होता. पाणी एके काळी कोठवर होते त्याची ती खूण. जुलै २०२२ मध्ये पाण्याची पातळी सरोवर भरल्यापासूनच्या काळातली सर्वांत खाली गेली होती. शहराचे बहुतेक पाणी येथून येते. आणि घरातले, हॉटेलातले मोरीत गेलेले जवळजवळ सगळे पाणी शुद्ध करून पुन्हा याच सरोवरात सोडतात. नुसत्या शोभेसाठी लावलेले गवत २०२६ अखेरपर्यंत काढून टाकावे, असा कायदा राज्याने २०२१ साली केला. उसाच्या मुळाशी पाणी सोडून घरी निजणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ऐकून ठेवावे. पैशाच्या बाबतीत माणसाला बेहिशेबी करणारे हे शहर पाण्याच्या बाबतीत थेंबाथेंबाचा हिशेब ठेवते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे सातासमुद्रांपलीकडचे. आम्हांला त्याचे काय? पण चाक आता दूर राहिलेले नाही. गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. महाराष्ट्राने कॅसिनोविषयीचा १९७६ चा कायदा कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही केला. परंतु मोबाइलवरचा पैशाचा खेळ बांधावर बसलेल्या पोराच्या हाती आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला आहे. कायदा हवाच. पण माझ्या अनुभवावरून सांगतो, नुसता कायदा पुरत नाही, आणि नुसता उपदेश तर मुळीच नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. एक मडके घ्या. त्यात अडतीस चिठ्ठ्या टाका : अठरा तांबड्या, अठरा काळ्या, दोन कोऱ्या. प्रत्येक मुलाला वीस चिंचोके द्या आणि गल्ला तुम्ही सांभाळा. मुलांनी रंगावर एकेक चिंचोका लावावा. चिठ्ठी काढावी आणि पुन्हा मडक्यात टाकावी. कोरी निघाली की सगळे चिंचोके तुमचे. एखाद्याचे विसाचे तीस होतील, तो उड्या मारील, मारू द्या. तासाच्या शेवटी सगळ्या वर्गाचे चिंचोके एकत्र मोजा. दोन-तीन दिवस हाच खेळ खेळा. गेले कोठे, हे मुले आपण होऊन विचारतील.

वर्गात एखादा मुलगा असा असेल, की ज्याच्या घरी हा प्रश्न रोजचा आहे. त्याच्याकडे पाहू नका, त्याच्या वडिलांचे नाव काढू नका. मी एकदा ती चूक केली आहे. फळ्यावर फक्त अडतीस आणि छत्तीस हे दोन आकडे लिहून ठेवा. तो ते घरी नेईल.