पोकर: डोक्याचा की दैवाचा?

पोकरच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली, आणि टेबलावर आधी एकदम तीन आणि मग एकेक करून दोन, अशी पाच पानं उघडी पडतात. खरी गंमत मधल्या बोलीत. हातात काही नसताना असा आव आणायचा, की समोरच्यानं चांगली पानं टाकून द्यावीत. यात दैव किती आणि डोकं किती, यावर आपल्या न्यायालयांत बराच खल झाला आहे. मुंबई इलाख्याचा १८८७चा जुगार कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही. डोकं ठरलं तर तो क्लब. दैव ठरलं तर अड्डा, आणि पोलिसांची धाड!

रमी लवकर सुटली. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९६७ सालीच तिला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरचं घोडं मात्र अडलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, कौशल्याचा खेळ म्हणून खेळत असाल तर परवाना नको. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. आणि गुजरातेत कायदा कोणता? तोच, १८८७चा, मुंबईचा. पत्ते तेच बावन्न. बंगळुरात खेळाडू, अहमदाबादेत जुगारी!

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं हा वाद मोडीतच काढला, निदान फोनपुरता. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांचे डाव गुंडाळले. उशाशी ठेवलेला फोन रात्री दोन वाजताही पानं वाटायचा, आणि हरलेला माणूस घरात कुणाला सांगायचाही नाही. त्यामुळे या बंदीवर मला फार रागावता येत नाही.

पण मग गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींचं काय? गोव्यानं आपला १९७६चा जुगार कायदा दुरुस्त करून त्यांना परवाने दिले. तिथं रूलेटचं चक्र फिरतं. त्यात डोकं कितीही चालवा, उपयोग शून्य. पोकरमध्ये नवखा एखादी संध्याकाळ मारून नेईल, पण महिनाभर बसला तर जाणता त्याला धुऊन काढतो. खुद्द गोंयकारांना २०२० पासून या कॅसिनोंत जुगार खेळायला मनाई आहे. पाहुण्यांनी मात्र अवश्य यावं, आणि हवं तर रूलेट सोडून पोकरच्या टेबलावर बसावं. तेही तिथं आहे, परवान्यासकट.