सुरतेचा वड आणि परदेशी यात्रिक
(मठाच्या वर्धापनदिनी सुरत येथे केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवसांत एखादा परदेशी विद्यार्थी पादत्राणे उतरवून आपल्या दाराशी संकोचाने उभा असतो. त्यास पाहिले की चारशे वर्षांपूर्वी याच सुरतेत आलेल्या एका रोमवासी गृहस्थाची मला आठवण होते. त्याचे नाव पिएत्रो देल्ला वाल्ले. तो स्वतःस यात्रिक म्हणवीत असे. तुर्की, अरबी व फारसी या भाषा त्याने आत्मसात केल्या होत्या. इराणात निवर्तलेल्या पत्नीचा देह मायदेशी नेण्यासाठी तो जतन करून सोबत बाळगीत होता. असा हा शोकाकुल जिज्ञासू १६२३ च्या फेब्रुवारीत सुरतेस उतरला.

शहराबाहेर मोकळ्या जागी एक प्रचंड, पुरातन वड होता. लोक तो पार्वतीचा म्हणून पूजीत. बुंध्यावर एक वर्तुळ कोरून रंगविलेले होते. तेच देवीचे मुख. त्यास सोन्यारुप्याचे डोळे होते. नेत्रविकार बरे झालेल्या भाविकांनी ते वाहिले होते. भोवती फुले आणि विड्याची ताजी पाने असत. भक्त येत, प्रथम घंटा वाजवीत, जोडलेले हात मस्तकावर नेत, वडास प्रदक्षिणा घालीत आणि तांदूळ, तेल वा दूध अर्पण करीत. हे सर्व त्याने २२ मार्च १६२३ च्या पत्रात आपल्या इटलीतील मित्रास बारकाईने कळविले.

तरीही या साऱ्यास त्याने भोळी समजूतच म्हटले. जणू मूर्तीने ऐकावे म्हणून घंटा वाजवितात, असे त्याने लिहिले. त्यास दोष देणे सोपे आहे. परंतु त्याचा तर्क अर्धा खरा होता! आपल्या घंटापूजेच्या मंत्रात देवांचे आगमन हाच हेतू सांगितला आहे. मात्र राक्षसांचे निर्गमन हा दुसरा हेतूही त्यातच आहे. हे राक्षस आपल्याच चित्तातील काम, क्रोध व अहंकार होत, असे भाविक मनाने समजावे. हा दुसरा अर्धा अर्थ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो कोणी तरी सांगावा लागतो.

आज दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाने "घंटा कशासाठी?" असे विचारले, तर आपल्यापैकी किती जण उत्तर देऊ शकतील? "आमची रूढी आहे" एवढेच म्हणून आपण त्यास परत पाठविले, तर त्याच्या गैरसमजाचा वाटा आपल्याही पदरी येईल. पाहुण्यास प्रसाद देण्यात आपण कधी चुकत नाही. त्यासोबत अर्थही द्यावा. त्यासाठी तो आधी आपणांस ठाऊक असावा, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.