मुख्याध्यापकाचा निकाल कसा मोजावा?
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या नागपुरात चौकाचौकात शाळांचे फलक लागतात. निकाल शंभर टक्के! पालक तो आकडा वाचतात आणि मुलाचे नाव कुठे घालायचे ते ठरवतात. मी आज तुम्हाला त्या आकड्याच्या मागे पाहायला सांगणार आहे.

समजा, एका शाळेत आठवीला ६० मुले होती. दोन वर्षांनी त्यातली ३५ मुले दहावीला बसली आणि सर्व उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेतही ६०च होती. ५४ बसली, ४६ उत्तीर्ण झाली. निकाल ८५ टक्के. फलक पहिल्या शाळेचा लागेल. पण दहावी पास मुले कोणी जास्त दिली? आणि पहिल्या शाळेतली ती २५ मुले गेली कुठे?

ती नववीत गळाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. त्यानंतर मुलाचा हात धरून ठेवणारा कायदा नाही. कच्च्या मुलाला नववीत नापास करायचे, बापाला बोलावून सांगायचे, "दाखला घेऊन जा, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या खात्यावर येत नाही. शाळा स्वच्छ! मुलगा मात्र मोमीनपुऱ्यात नाहीतर टेक्यात एखाद्या गॅरेजवर पाने हातात घेऊन उभा राहतो. मुलगी असेल तर घरीच बसते. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की देशातील ६ ते १४ वयाची चारातील एक मुस्लिम मुले शाळेत कधी गेलेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. त्यातून जी नववीपर्यंत पोचतात, त्यांना आपल्याच हाताने दाराबाहेर काढायचे काय?

माझ्या मते मुख्याध्यापकाची निष्ठा इथे कळते. भाषणात कळत नाही, माझ्याही नाही. मूल तीन दिवस हजेरीपटावर दिसले नाही तर घरी माणूस जातो का? दाखला मागायला आलेल्या बापाला खुर्ची देऊन, अडचण पैशाची आहे की गणिताची, हे कोणी विचारते का? सर्वांत मुरलेला शिक्षक दहावीच्या हुशार तुकडीला दिला आहे की नववीच्या कच्च्या तुकडीला? पगारबिले, बोर्डाचे अर्ज, ऑनलाइन माहिती यांत मुख्याध्यापक पुरता बुडालेला असतो हे मला मान्य आहे. परंतु कारकुनी वाटून देता येते. हे काम वाटून देता येत नाही.

आता थोडे पदाधिकाऱ्यांशी बोलतो. महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित शाळांत मुख्याध्यापकपद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. पण १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची निवड त्या अटींतून मोकळी ठेवली आहे. केरळातील एका मुस्लिम हायस्कूलच्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क उचलून धरला आणि मुख्याध्यापकाला चाकाच्या तुंब्याची उपमा दिली. सारे आरे त्यातच बसवलेले असतात. हा हक्क संविधानाच्या ३० व्या कलमातून आला आहे. तो नातेवाइकाला किंवा गटातल्या माणसाला खुर्ची देण्यासाठी वापरला, तर बिचारी सेवाज्येष्ठताच बरी म्हणावी लागेल.

माणसे मिळत नाहीत, असे म्हणू नका. १९२८ साली जामिया मिलियाच्या शिक्षकांनी २० वर्षे, महिना १५० रुपयांहून अधिक वेतन न घेता, संस्थेत राहण्याची शपथ घेतली. त्यांचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन. हेच झाकीर हुसेन १९३७ साली आपल्या शेजारच्या वर्ध्यात आले आणि बुनियादी तालीमच्या समितीचे अध्यक्ष झाले. पुढे राष्ट्रपतीही झाले. आज कोणी मुख्याध्यापकाने पोट मारून काम करावे असे मी म्हणत नाही. वेतन पुरेसे असावे, वेळेवर मिळावे. त्याने एकच करावे, मुले मोजावीत.

आणि पालकांनो, तुम्हीही मोजा. प्रवेशाला जाल तेव्हा निकालाची टक्केवारी ऐकून घ्या आणि मग अदबीने विचारा, "साहेब, दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती?" हा प्रश्न दहा पालकांनी विचारला तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल.

विद्यार्थी मित्रांनो, नववीत अडखळलात तर लाजून घरी बसू नका. त्याच वर्गात पुन्हा बसण्यात कमीपणा नाही.

संस्थेला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत निकालाच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: आठवीत किती होते. त्याच्या शेजारी: दहावीला किती बसले. छपाईचा खर्च काही वाढणार नाही.