बत्तीस शिराळा



पुण्या-मुंबईच्या घरांत शिराळ्याचें नांव निघालें, कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तेंच ना, नागांचें?" होय, तेंच. परंतु ज्याची हयात मुलांकडून नकाशे काढून घेण्यांत गेली, त्याला एवढ्या उत्तरानें समाधान वाटत नाहीं. म्हणून नागांकडे वळण्यापूर्वीं थोडें जमिनीकडे पाहूं.

पुणें-बंगळूर हमरस्त्यावर पेठ नांवाचें गांव आहे. तेथून पश्चिमेकडे वळलें, कीं कृष्णाकांठची सपाटी मागें पडूं लागते आणि सह्याद्रीच्या फाट्यांनीं दोन्ही अंगांनीं धरलेला मुलूख सुरू होतो. शिराळ्याशेजारून मोरणा नांवाची लहानशी नदी वाहते. ती पुढें वारणेस मिळते. वारणा पाथरपुंजाच्या बाजूस, ऐन घाटमाथ्यावर उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेंत विसर्जन पावते. नकाशावर हा तालुका बोटभर भरतो; पण त्या बोटभरांत पावसाचें मान इतकें बदलतें, कीं पश्चिमेकडील माणसाचें लक्ष भात आणि नाचणीवर, तर पूर्वेकडच्याचें ऊंसाच्या पाटाकडे. दोघांच्या बोलण्याचालण्यांतहि तो फरक उतरला आहे.

'बत्तीस' हें उपपद कोठून आलें? या गांवाच्या हुकुमतीखालीं पूर्वीं बत्तीस खेडीं होतीं, त्यावरून, असें परंपरा सांगते. खेडीं गेलीं, आंकडा राहिला. इ. स. १७३१ च्या एप्रिलमध्यें सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलतभावांत तह झाला. त्याला वारणेचा तह म्हणतात. उत्तरेकडील मुलूख सातारकडे, दक्षिणेकडील कोल्हापूरकडे, अशी ती वाटणी. सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें, कोल्हापूर संस्थान १९४९ सालीं विलीन झालें, तरी घरच्या वाटणीची ती रेघ पुसली गेली नाहीं. शिराळ्याच्या बाजूला आजहि वारणेच्या अल्याड सांगली जिल्हा आणि पल्याड कोल्हापूर. इंग्रजी अमदानींत शिराळा हा वाळवें तालुक्याचा पेटा होता आणि जिल्हा सातारा. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. गांव जागचें हललें नाहीं. पत्ता मात्र दोन वेळां बदलला. २०१६ सालापासून येथें ग्रामपंचायतीच्या जागीं नगरपंचायत आहे.

समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक येथें आहे. स्थापना शके १५७६, म्हणजे इ. स. १६५४ ची. मूर्ति सुमारें सात फूट उंच. आणि भिंतीला दोन बाजूंस झरोके असे ठेवले आहेत, कीं सूर्य उगवतांना व मावळतांना उजेड मूर्तीच्या मुखावर यावा. हे अकराहि मारुति आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतच आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे समर्थांच्या वावराचा नकाशाच हातीं येतो. गांवीं भुईकोटहि आहे. १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरीं पकडलेल्या छत्रपति संभाजी महाराजांना मोगल घेऊन जात असतां या कोटांत मुक्काम पडला आणि येथल्या मूठभर लोकांनीं सुटकेची शिकस्त केली, ही कथा येथें घरोघर सांगितली जाते. ज्या गांवाला ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगाविशी वाटते, त्याच्या मनाचा कल तींतून दिसतो.

आतां नाग. गोरक्षनाथ भिक्षेला आले असतां घरची बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून भिक्षा घालण्यास उशीर झाला. कारण ऐकून नाथांनीं मातीचा नाग जिवंत केला आणि यापुढें खऱ्या नागाची पूजा करीत जा म्हणून सांगितलें, अशी ती आख्यायिका. प्रत्यक्ष रीत अशी असे, कीं पंचमीच्या आधीं कांहीं आठवडे मंडळी शेताच्या बांधांवर नाग शोधीत फिरत, मातीच्या मडक्यांत ते जपून ठेवीत, पंचमीस अंबाबाईच्या देवळाकडे मिरवीत नेत आणि मागाहून जेथले तेथें नेऊन सोडीत. बिळाच्या तोंडाची माती पाहून आंत कोण आहे हें सांगणारीं माणसें येथें होतीं. तें ज्ञान पुस्तकी नव्हतें. परंतु मडक्यांत दिवसच्या दिवस कोंडलेल्या आणि ढोलताशांत नाचविलेल्या प्राण्याला पूजेचा आनंद होत असेल, असें मला कधीं वाटलें नाहीं. दूध हें तर नागाचें अन्नच नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें नाग पकडणें गुन्हा आहे. न्यायालयाच्या आदेशानें २०१४ च्या सुमारास जिवंत नागाची पूजा थांबली, आणि प्रतिमेची पूजा सुरू झाली. गांवाला हें फार लागलें. २०२५ सालीं केंद्र शासनानें एकवीस जणांना, पारंपरिक माहिती पुढल्या पिढीस द्यावी एवढ्याच हेतूनें, नाग धरण्याची मर्यादित अनुज्ञा दिली. माझ्या मतें वादाचा खरा मुद्दा मिरवणुकीचा नाहींच. भाताच्या खाचरांतले उंदीर खाणारा हा प्राणी दिसतांच काठी न उचलण्याची जी संवय या गांवानें शतकानुशतकें जोपासली, ती मिरवणुकीवांचून टिकेल कीं नाहीं, हा आहे. टिकवावयाची असेल तर ती शाळेंतच टिकवावी लागेल.

पश्चिमेकडे गेलें कीं बिळाशी लागते. १९३० सालीं जंगल सत्याग्रहांत येथील लोकांनीं सागवान तोडून त्याचा ध्वजस्तंभ केला आणि सरकारी बळापुढें तो राखण्यासाठीं बायामाणसें उभीं राहिलीं. त्याच्याहि पलीकडे चांदोलीचें मातीचें धरण. पांणीसांठा सुमारें ३४ अब्ज घनफूट. १९८५ पासून पाणी अडूं लागलें, त्याच वर्षीं वरच्या रानास अभयारण्याचा दर्जा मिळाला. २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान, २०१० सालीं व्याघ्र प्रकल्पांत समावेश, २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत नांव. १९९३ पासून या जलाशयाच्या आसपास भूकंपाचे धक्केहि बसूं लागले. या सगळ्या मानाच्या पदव्यांखालीं कित्येक वाड्यावस्त्या उठल्या आहेत. तीं माणसें खालच्या मुलखांत वसविलीं गेलीं. देवराई नाहीं, कुरण नाहीं, पाऊस निराळा, पीक निराळें. खालच्या शहरांना पाणी मिळालें तें यांच्या उठण्यानें, हें नळ सोडतांना कोणाला आठवत नाहीं. पुष्कळ वसाहतींनीं जुन्या गांवाचेंच नांव लावून घेतलें आहे. नातू आणि आजा दोघेहि गांवाचें नांव एकच सांगतात. आजा तें सांगतांना पश्चिमेकडे बोट करतो, इतकाच फरक.

कोणास हा मुलूख पाहावयाचा असेल, तर एक व्यवहारी सूचना करतों. चांदोलीचें उद्यान पावसाळ्यांत बंद असतें आणि नागपंचमी तर ऐन श्रावणांत येते. तेव्हां दोन्ही गोष्टी एका खेपेंत साधत नाहींत. दिवाळीनंतर यावें. तेव्हां भात कापणीस आलेला असतो, रस्ते धुतलेले असतात, आणि मारुतीच्या देवळांत पहांटे फारशी गर्दी नसते.