मेंदूतल्या पायवाटा
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत संस्थेने काय काय केलं, ते अहवालात आलंच आहे. मी आज एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती माझी आहे.

मी सचिव असताना इथे एक कुटुंब भाड्याने राहायला आलं. त्यांचा पाच-सहा वर्षांचा मुलगा बोलत नसे. तासन्‌तास गेटची कडी वाजवत बसे, मध्येच किंचाळे. तक्रारी आल्या. मी त्याच्या आईला बोलावून म्हटलं, "ताई, पोराला जरा वळण लावा." ती काहीच बोलली नाही. दोन महिन्यांत त्यांनी घर सोडलं. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाने असं बोलावं, याची आजही लाज वाटते.

मग मी वाचू लागलो. वाचता वाचता डॉ. शुभा टोळे यांचं काम समजलं. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात शिकून त्यांनी अमेरिकेत कॅलटेकमधून पीएच.डी. केली, पुढे शिकागोत संशोधन केलं आणि १९९९ साली त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. प्रश्न एकच धरून ठेवला: गर्भात मेंदू घडतो कसा? २०१० साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार.

त्यांच्या गटाने उंदरांच्या भ्रूणांवर काम केलं. एलएचएक्स-२ नावाचा जनुक काही पेशींतून काढला, तर शेजारी स्मरणशक्तीशी संबंधित भाग भलत्याच जागी तयार होतो, हे त्यांनी २००८ साली दाखवलं. फॉक्स-जी-१ या दुसऱ्या जनुकावरही त्यांचं काम आहे. तो नसला, तर चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी वेळेआधीच तयार होऊ लागतात. माणसांत याच जनुकात बिघाड झाला, तर मुलाची वाढ, बोलणं, हालचाल सगळ्यावर परिणाम होतो. म्हणजे मेंदूचा पाया आईच्या पोटातच घातला जातो. तिथे वळण लावायला कोण जाणार?

एके काळी पाश्चात्त्य देशांतले डॉक्टरसुद्धा स्वमग्नतेचा दोष आईच्या थंड वागण्याला देत. ते चूक ठरलं. त्या मुलाला नेमकं काय होतं, हे मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण आईला दोष देण्याचा अधिकार मला नव्हता, एवढं नक्की.

आता दुसरी बाजू. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एकीचा निरोप दुसरीकडे जातो तो बहुतेक ठिकाणी एका बारीक फटीतून, रसायनांच्या मदतीने. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग करा, त्यातल्या एकाएवढी ही फट! या जोडणीला सिनॅप्स म्हणतात. स्वमग्नतेशी संबंध असलेले कितीतरी जनुक इथेच काम करतात. पण ही जोडणी कायमची ठरलेली नसते. वाडीवरून राजूरच्या बाजाराला येणारी पायवाट बघा. रोज पाय पडले तर ती टिकते, वर्दळ थांबली की एका पावसाळ्यात गवत माजतं. मेंदूतही वापरातल्या जोडण्या बळकट होतात, न वापरलेल्या गळतात. म्हणून अशा मुलाला लवकर मदत आणि रोजची सोबत लागते. आम्ही त्याची सोबतच तोडली.

तेव्हा दोन विनंत्या. मूल वेळेवर बोललं नाही, हाकेला वळून बघितलं नाही, तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करतात, त्यांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्याचे हक्क मागा. दुसरी विनंती मुलांना. गणपतीत, खेळात असं कुणी बाजूला उभं दिसलं, तर त्याचा हात धरून आणा. तो खेळेल न खेळेल, वाट तर पडेल.

आज त्या ताई कुठे आहेत, मला ठाऊक नाही. ही स्मरणिका त्यांच्या हाती पडली, तर एवढंच सांगायचं आहे: ताई, चूक तुमची नव्हती. माझी होती.